सीमेपलीकडचे पितृत्व : अमेरिकी संघराज्यातील अविवाहितांच्या अपत्यांच्या हक्काचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विवाह, घटस्फोट, दत्तक, वारसा आणि अपत्याचा दर्जा यांविषयीचे कायदे मुख्यतः घटकराज्ये करतात, आणि प्रत्येक राज्याच्या न्यायालयाची सत्ता मूलतः त्या राज्याच्या सीमेपाशी संपते. आईवडील विवाहित असतील तर मुलाचा पिता कोण हे ठरवण्यासाठी सहसा न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही, कारण आईचा पती हाच मुलाचा पिता असे कायदा गृहीत धरून चालतो. विवाह झालेला नसेल तेथे हे गृहीतक उपलब्ध नसते. तेथे पितृत्व स्वतंत्रपणे प्रस्थापित करावे लागते, आणि याच प्रक्रियेला पितृत्वनिश्चिती म्हणतात. आई एका राज्यात आणि संभाव्य पिता दुसऱ्या राज्यात राहत असेल तर या प्रक्रियेपुढे दोन प्रश्न उभे राहतात: पिता कोण, आणि तो कोण हे ठरवण्याचा अधिकार कोणत्या राज्याचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने विसाव्या शतकात जवळजवळ निर्विवाद करून टाकले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मात्र कायद्याला त्याहून अधिक काळ आणि अधिक कष्ट पडले. या दीर्घ प्रवासात कायद्याला पुढे ढकलणारी शक्ती बहुतेक वेळा सार्वजनिक तिजोरीची चिंता हीच होती, आणि मुलाचा स्वतःचा हक्क हा विचार फार उशिरा, आणि तोही न्यायालयांच्या आग्रहामुळे, कायद्याच्या केंद्रस्थानी आला.

भारतीय वाचकाला या प्रश्नाची तीव्रता सहज जाणवत नाही, कारण येथील पोटगीचा फौजदारी कायदा राज्याराज्यांत विभागलेला नाही. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 488 ने, आणि पुढे 1973 च्या संहितेच्या कलम 125 ने, औरस व अनौरस अशा दोन्ही अपत्यांना पित्याकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. पुरुष जेथे असेल, जेथे राहत असेल किंवा अनौरस अपत्याच्या आईबरोबर जेथे शेवटचा राहिला असेल, अशा कोणत्याही जिल्ह्यात अर्ज करता येतो, आणि एका ठिकाणचा आदेश तो पुरुष जेथे सापडेल तेथील दंडाधिकारी अमलात आणू शकतो. पुण्यात दिलेल्या आदेशाला इंदूरच्या न्यायालयाने मान्यता द्यावी की नाही, असा वाद या व्यवस्थेत उद्भवत नाही. अमेरिकेत मात्र नेमका हाच वाद शेकडो वर्षे चालला.

पॅरिशची तिजोरी

अमेरिकी कायद्याचे मूळ इंग्लंडच्या गरीब-कायद्यात आहे. इंग्रजी सामान्य कायद्याच्या, म्हणजे न्यायालयीन परंपरेतून घडलेल्या कायद्याच्या, दृष्टीने विवाहबाह्य अपत्य हे वारशापुरते कोणाचेच अपत्य नव्हते; त्याला पित्याची मालमत्ता मिळत नसे आणि आईचीही मिळत नसे. परंतु असे मूल उपाशी राहिले तर त्याचा खर्च पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार आखलेल्या आणि गरिबांच्या पोषणाची जबाबदारी असलेल्या स्थानिक प्रशासकीय घटकावर, पडत असे. म्हणून 1576 च्या कायद्याने दोन स्थानिक दंडाधिकाऱ्यांना असा अधिकार दिला की, त्यांनी अशा मुलाच्या आईला आणि मानलेल्या पित्याला शिक्षा करावी आणि मुलाच्या पोषणासाठी दर आठवड्याला रक्कम भरण्याचा आदेश काढावा. या आदेशाने मुलाला नाव, वारसा किंवा नाते यांपैकी काहीही दिले नाही. त्याने केवळ पॅरिशचा भार कमी केला.

सीमेचा प्रश्न या व्यवस्थेत आरंभापासूनच दडलेला होता. 1662 च्या वसतिस्थान-कायद्यानंतर गरिबांच्या मदतीची जबाबदारी कोणत्या पॅरिशची हे त्यांच्या अधिकृत वसतिस्थानावरून ठरू लागले, आणि अनौरस मुलाचे वसतिस्थान ते जेथे जन्मले तेथे मानले जाई. याचा परिणाम असा झाला की, अविवाहित गरोदर स्त्रीला प्रसूतीपूर्वीच आपल्या हद्दीबाहेर घालवण्याची घाई पॅरिशचे अधिकारी करू लागले. जन्माला येणारे मूल कोणाचे यापेक्षा ते कोणत्या हद्दीत जन्मते हे महत्त्वाचे ठरले, आणि प्रदेशाला व्यक्तीपेक्षा वरचढ मानण्याची हीच वृत्ती पुढे अमेरिकेत वसाहतींच्या व राज्यांच्या सीमांवर प्रकट झाली.

वसाहतींनी इंग्रजी पद्धत उचलली आणि तिला आपले वळण दिले. मॅसॅच्युसेट्सच्या 1668 च्या कायद्याने असे ठरवले की, एखाद्या स्त्रीने ठामपणे, आणि विशेषतः प्रसूतीच्या वेदनांत असताना विचारले असता, एखाद्या पुरुषाचे नाव घेतले, तर त्याने नाकारले तरी त्याला मानलेला पिता ठरवून मुलाचा खर्च त्याच्यावर लादता येईल. मृत्यू समोर दिसत असताना स्त्री खोटे बोलणार नाही ही समजूत यामागे होती, आणि त्यामुळे सुईण ही या व्यवस्थेतील एक महत्त्वाची साक्षीदार बनली. आजच्या मेन राज्यातील हॅलोवेल येथे, म्हणजे त्या काळच्या मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीत, सुईणीचे काम करणाऱ्या मार्था बॅलर्ड यांनी 1785 ते 1812 या काळात लिहिलेल्या रोजनिशीत 816 प्रसूतींची नोंद आहे, आणि अविवाहित मातांनी प्रसूतीच्या वेळी घेतलेली नावेही तीत लिहिलेली आढळतात. 1791 मध्ये अशाच एका प्रसूतीत त्या तरुण मातेने खुद्द बॅलर्ड यांच्या मुलाचे नाव घेतले, आणि बॅलर्ड यांनी ते जसेच्या तसे नोंदवले. पुढे त्या दोघांचा विवाह झाला. इतिहासकार लॉरेल थॅचर उलरिच यांनी या रोजनिशीच्या अभ्यासातून दाखवून दिले की, लहान वस्तीत ही पद्धत बऱ्याच अंशी परिणामकारक होती, कारण तेथे पुरुष, स्त्री, सुईण आणि दंडाधिकारी एकमेकांना ओळखत असत आणि प्रकरण बहुधा विवाहात किंवा तडजोडीत मिटत असे. तिचे सारे बळ सगळ्यांच्या जवळ असण्यात होते, आणि म्हणूनच पुरुष दूर निघून गेला की तिचे बळही संपत असे.

सीमा ओलांडलेला पुरुष

स्वातंत्र्यानंतर राज्यांनी हे कायदे आपापल्या संहितांत सामावून घेतले, पण त्यांचे स्वरूप संदिग्धच ठेवले. काही राज्यांत ही कार्यवाही दिवाणी समजली जाई, तर काहींत अर्धफौजदारी: पुरुषाला वॉरंट काढून अटक होई, त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेतले जाई आणि ते न दिल्यास त्याला तुरुंगात ठेवता येई. ही अटक राज्याच्या हद्दीतच शक्य होती. तो दुसऱ्या राज्यात गेला तर त्याला परत आणण्यासाठी गुन्हेगार-प्रत्यर्पणाचा मार्ग सहसा उपयोगी पडत नसे, कारण पितृत्वाची कार्यवाही हा खऱ्या अर्थाने गुन्ह्याचा खटला नव्हता. आईने त्याच्या मागोमाग दुसऱ्या राज्यात जाऊन दावा करावा, तर तेथील कायदा त्याच राज्यातील मातांसाठी आणि त्याच राज्यातील गरीब-निधीच्या रक्षणासाठी केलेला आहे असा युक्तिवाद तिच्यापुढे उभा केला जाई.

संघीय सर्वोच्च न्यायालयाने 1878 मध्ये पेनॉयर विरुद्ध नेफ या खटल्यात दिलेल्या निर्णयाने ही भिंत अधिक उंच केली. एखाद्या व्यक्तीवर वैयक्तिक जबाबदारी लादायची असेल तर ती व्यक्ती त्या राज्याच्या हद्दीत असताना तिच्यावर समन्स बजावले गेले पाहिजे किंवा तिने स्वतः न्यायालयात हजर व्हायला हवे, हे तत्त्व त्यात प्रस्थापित झाले. यालाच वैयक्तिक अधिकारक्षेत्र म्हणतात, आणि पितृत्वाचा दावा हा पुरुषावर वैयक्तिक जबाबदारी टाकणारा असल्याने त्यालाही हे तत्त्व लागू झाले. दुसरा अडथळा आदेशाच्या स्वरूपात होता. संघराज्याच्या घटनेच्या चौथ्या अनुच्छेदानुसार एका राज्याच्या न्यायनिर्णयाला दुसऱ्या राज्याने पूर्ण विश्वास व मान्यता द्यावी लागते. पण ही सक्ती अंतिम निर्णयांपुरती आहे, आणि निर्वाहखर्चाचा आदेश परिस्थितीनुसार बदलता येण्याजोगा असतो. 1910 च्या सिस्टेअर विरुद्ध सिस्टेअर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने थकलेल्या हप्त्यांना मान्यतेचे संरक्षण दिले, परंतु मूळ राज्याच्या न्यायालयाला ते हप्तेही मागाहून कमी करण्याचा अधिकार असेल तर हे संरक्षण लागू राहणार नाही, असा अपवादही ठेवला. परिणामी, आपल्या राज्यात पितृत्व सिद्ध करून आदेश मिळवलेल्या आईलाही तो आदेश सीमेपलीकडे वसूल करून मिळेल याची खात्री नव्हती.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बालकल्याणाच्या चळवळीने या प्रश्नाकडे नव्या दृष्टीने पाहायला सुरुवात केली. नॉर्वेने 1915 मध्ये योहान कास्टबर्ग यांच्या पुढाकाराने विवाहबाह्य अपत्यांना पित्याचे नाव आणि वारसा देणारे कायदे केले, आणि त्यांची अमेरिकेत बरीच चर्चा झाली. 1917 मध्ये नॉर्थ डकोटाने आणि 1921 मध्ये ॲरिझोनाने प्रत्येक मूल हे त्याच्या नैसर्गिक मातापित्यांचे औरस अपत्य आहे असे घोषित केले. मिनेसोटाने 1917 मध्येच पितृत्व प्रस्थापित करण्यासाठी प्रयत्न करणे हे राज्याच्या यंत्रणेचे कर्तव्य ठरवले. राज्यांसाठी एकसारख्या कायद्यांचे मसुदे तयार करणाऱ्या आयोगाने, म्हणजे 1892 पासून काम करणाऱ्या राज्याराज्यांच्या विधिज्ञ प्रतिनिधींच्या संस्थेने, 1922 मध्ये अनौरसत्वाविषयीचा एक मसुदा प्रसिद्ध केला. पण असा मसुदा राज्याने स्वतःहून स्वीकारल्याशिवाय कायदा होत नाही, आणि तो मोजक्याच राज्यांनी स्वीकारला. हे सर्व प्रयत्न उदार होते, तरीही एका राज्याची उदारता शेजारच्या राज्यावर बंधनकारक नव्हती.

रक्ताची साक्ष

दरम्यान पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे पिता कोण याचे, उत्तर प्रयोगशाळेत आकार घेत होते. कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगटांचा शोध लावला आणि 1910 च्या सुमारास हे गट आनुवंशिक नियमांनुसार संक्रमित होतात हे सिद्ध झाले. मूल, आई आणि पुरुष यांचे रक्तगट तपासून काही प्रकरणांत तो पुरुष पिता असणे अशक्य आहे असे ठामपणे सांगता येऊ लागले. ही चाचणी केवळ वगळू शकत होती, सिद्ध करू शकत नव्हती, आणि न्यायालये तिच्या नकाराला तरी किती मान देतील हेही अनिश्चित होते. चित्रपट-कलावंत चार्ली चॅप्लिन यांच्यावर कॅलिफोर्नियात चाललेल्या पितृत्वाच्या खटल्यात मुलीचा रक्तगट बी, आईचा ए आणि चॅप्लिन यांचा ओ होता, त्यामुळे चॅप्लिन पिता असू शकत नाहीत असा अहवाल तीन डॉक्टरांनी दिला. तरीही ज्यूरीने 1945 मध्ये त्यांना पिता ठरवले, आणि 1946 मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, कारण त्या काळच्या कायद्यात रक्तचाचणी हा इतर पुराव्यांसारखाच एक पुरावा होता. या निकालावर झालेल्या टीकेनंतर 1952 मध्ये रक्तचाचणीविषयीचा एकरूप मसुदा तयार झाला आणि चाचणीने वगळलेल्या पुरुषाला मुक्त करण्याची तरतूद अनेक राज्यांनी केली.

1970 च्या दशकात पांढऱ्या रक्तपेशींवरील प्रतिजनांच्या चाचण्यांनी वगळण्याच्या पुढे जाऊन पितृत्वाची प्रबळ संभाव्यता दाखवायला सुरुवात केली, आणि 1984 मध्ये इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए-ठशांचे तंत्र शोधल्यानंतर काही वर्षांतच पितृत्वाची वस्तुस्थिती जवळजवळ संपूर्ण खात्रीने सांगता येऊ लागली. रक्ताचा नमुना एका राज्यात घेऊन दुसऱ्या राज्यातील प्रयोगशाळेत तपासता येई. पण नमुना देण्याचा आदेश कोणत्या न्यायालयाने द्यायचा, हा प्रश्न विज्ञान सोडवू शकत नव्हते.

दोन न्यायालयांचा एक खटला

त्यावरचा पहिला व्यवहार्य उपाय 1950 मध्ये पुढे आला. निर्वाहखर्चाच्या परस्पर अंमलबजावणीच्या एकरूप कायद्याने असा मार्ग काढला की, आईने आपल्या गावातील न्यायालयात अर्ज करावा, त्या न्यायालयाने तो प्राथमिकदृष्ट्या ग्राह्य असल्याचे प्रमाणित करून पुरुष राहत असलेल्या राज्याकडे पाठवावा, आणि तेथील सरकारी वकिलाने तो तेथील न्यायालयात चालवावा. पहिल्या राज्याला आरंभक राज्य आणि दुसऱ्याला प्रतिसादक राज्य म्हटले गेले. पुरुषाला त्याच्या स्वतःच्या राज्यात समन्स मिळत असल्याने वैयक्तिक अधिकारक्षेत्राचा अडथळा दूर झाला, आणि आईला प्रवासाचा व वकिलाचा खर्च करावा लागला नाही. काही वर्षांतच हा कायदा कमीअधिक फरकांनी देशभर पसरला.

परंतु ही यंत्रणा निर्वाहखर्चासाठी होती, आणि पुरुषाने आपण पिताच नाही असे म्हटले की ती अडखळत असे. पितृत्व आधी इतरत्र सिद्ध झालेले असेल तरच या कायद्याखाली आदेश देता येईल असे काही न्यायालयांचे मत होते, तर काहींना त्याच कार्यवाहीत पितृत्व ठरवण्यात अडचण वाटत नव्हती. 1968 मध्ये या मसुद्यात सुधारणा करताना असे कलम घालण्यात आले की, पुरुषाचा नकार निरर्थक नसेल आणि दोन्ही पक्ष सुनावणीस हजर असतील, किंवा पुराव्याचे स्वरूप पाहता त्यांची हजेरी आवश्यक नसेल, तर न्यायालय पितृत्वाचा निर्णय करू शकते. अन्यथा त्याने सुनावणी तहकूब ठेवावी. हजारो मैलांवरील गरीब आई हजर राहू शकत नसे, आणि तिच्या साक्षीशिवाय चालणाऱ्या उलटतपासणीत संशयाचा फायदा पुरुषाला मिळत असे. शिवाय प्रतिसादक राज्याचे सरकारी वकील परगावच्या मुलासाठी तत्परतेने लढतीलच अशी शाश्वती नव्हती. सर्वांत मोठा दोष असा की, प्रत्येक राज्य आपापला नवा आदेश काढू शकत असल्याने एकाच मुलासाठी वेगवेगळ्या रकमांचे अनेक आदेश एकाच वेळी अस्तित्वात येऊ लागले.

मुलाचा हक्क

1968 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने लेव्ही विरुद्ध लुइझियाना या खटल्यात एक वेगळे दार उघडले. आईच्या मृत्यूबद्दल नुकसानभरपाई मागण्यापासून तिच्या अनौरस मुलांना केवळ त्यांच्या जन्माच्या परिस्थितीमुळे वंचित ठेवणे हे घटनेतील समान संरक्षणाच्या तत्त्वाचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. 1973 च्या गोमेझ विरुद्ध पेरेझ या खटल्यात टेक्सासला सांगण्यात आले की, औरस मुलांना पित्याकडून निर्वाहखर्च मिळण्याचा हक्क कायदा देत असेल तर तो अनौरस मुलांना नाकारता येणार नाही. त्याआधी 1972 मध्ये स्टॅन्ली विरुद्ध इलिनॉय या खटल्याने अविवाहित पित्याच्या बाजूनेही एक तत्त्व मांडले होते: आईच्या मृत्यूनंतर अविवाहित पित्याला अपात्र गृहीत धरून, त्याची सुनावणी न घेता, मुले सरकारी ताब्यात घेता येणार नाहीत.

दाव्याच्या मुदतीबद्दलचे निर्णय या मालिकेत विशेष महत्त्वाचे आहेत, कारण राज्य सोडून गेलेल्या पुरुषाचा शोध लागेपर्यंत मुदत संपणे ही नेहमीची गोष्ट होती. टेक्सासची एक वर्षाची मुदत 1982 मध्ये, टेनेसीची दोन वर्षांची 1983 मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाची सहा वर्षांची 1988 मध्ये घटनाबाह्य ठरली. दरम्यान 1984 च्या संघीय दुरुस्तीने मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत पितृत्वाचा दावा करता यावा अशी अट राज्यांवर घातली होती.

याच काळात 1973 च्या एकरूप पालकत्व कायद्याच्या मसुद्याने आईवडिलांच्या विवाहाचा विचार न करता प्रत्येक अपत्याचे पालकांशी असलेले नाते समान आहे असे जाहीर केले, आणि 2000 पर्यंत तो 19 राज्यांत लागू झाला होता. राज्याबाहेरील पुरुषावर अधिकार चालवण्याची तरतूदही त्यात होती: ज्याच्या या राज्यातील शरीरसंबंधातून गर्भधारणा झाली असण्याची शक्यता आहे, त्याने त्या मुलापुरते या राज्याच्या न्यायालयांचे अधिकारक्षेत्र मान्य केले असे समजावे. अशा तरतुदींना लांब हाताचे कायदे म्हणतात, आणि 1945 पासून सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलेल्या किमान संबंधाच्या कसोटीवर, म्हणजे प्रतिवादीचा त्या राज्याशी काही अर्थपूर्ण संबंध असला पाहिजे या अटीवर, त्या टिकत. या हाताची मर्यादा 1978 च्या कुल्को खटल्यात स्पष्ट झाली. तो खटला घटस्फोटित दांपत्याचा होता, पण त्यातील तत्त्व सर्वांना लागू होते: न्यूयॉर्कमधील पित्याने मुलीला कॅलिफोर्नियात आईकडे राहायला जाऊ दिले आणि तिचे विमानाचे तिकीट काढून दिले, एवढ्यावरून कॅलिफोर्नियाला त्याच्यावर अधिकार मिळत नाही. म्हणजेच गर्भधारणा एका राज्यात झाली आणि आई नंतर दुसऱ्या राज्यात जाऊन राहिली, तर तिच्या नव्या राज्याचा हात पुरुषापर्यंत बहुधा पोहोचत नसे.

संघीय निधी आणि एक सही

शेवटचा निर्णायक रेटा मात्र पुन्हा तिजोरीकडूनच आला. अविवाहित मातांच्या पोटी होणाऱ्या जन्मांचे प्रमाण 1960 मध्ये 5.3 टक्के होते, ते 1980 मध्ये 18.4 आणि 1990 मध्ये 28 टक्क्यांवर गेले, आणि सार्वजनिक मदतीचा खर्च वाढत गेला. 1975 मध्ये सामाजिक सुरक्षा कायद्याला जोडलेल्या भागाने प्रत्येक राज्यात निर्वाहखर्च-वसुलीची यंत्रणा उभारली, तिला संघीय निधी दिला, हरवलेल्या पालकांच्या शोधाची केंद्रीय सेवा सुरू केली, आणि मदत घेणाऱ्या मातेने आपला वसुलीचा हक्क राज्याकडे सोपवावा व पितृत्व सिद्ध करण्यास सहकार्य करावे अशी अट घातली. वसूल झालेल्या रकमेतून प्रथम सरकारची भरपाई होई; 1984 नंतर दरमहा पहिले 50 डॉलर कुटुंबाला मिळत, आणि 1996 मध्ये तेही राज्यांच्या मर्जीवर सोडण्यात आले. चार शतकांपूर्वीच्या पॅरिशचे तर्कशास्त्र अशा रीतीने संघीय कायद्यात नव्याने अवतरले.

तरीही याच निधीच्या अटींमधून सीमेची भिंत कोसळली. 1986 च्या दुरुस्तीने थकलेला प्रत्येक हप्ता आपोआप न्यायनिर्णयाच्या बरोबरीचा ठरवला आणि तो मागाहून कमी करण्यास मनाई केली, त्यामुळे 1910 च्या निकालातील पळवाट बंद झाली. 1988 च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाने आंतरराज्य प्रकरणांचा सर्वांगीण आढावा घेऊन 1992 मध्ये अहवाल दिला, आणि त्याच वर्षी आंतरराज्य कुटुंब-निर्वाहाचा नवा एकरूप मसुदा तयार झाला. एका वेळी एकच आदेश अमलात राहील, आणि आईवडील किंवा मूल यांपैकी कोणीही मूळ राज्यात राहत असेपर्यंत तो बदलण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे त्याच राज्याकडे राहील, हे त्याचे मुख्य तत्त्व होते. पुरुष त्या राज्यात मुलाबरोबर राहिला असेल, तेथे राहत असताना त्याने गरोदरपणाचा खर्च किंवा निर्वाहखर्च दिला असेल, त्याच्या सांगण्यावरून मूल तेथे राहत असेल किंवा गर्भधारणा तेथे झाली असण्याची शक्यता असेल, तर आईचे राज्य स्वतःच खटला चालवू शकते. यांपैकी काहीच लागू नसेल तर प्रकरण पुरुषाच्या राज्याकडे पाठवायचे. आईची प्रत्यक्ष हजेरी आवश्यक नाही, तिची साक्ष दूरध्वनीवरून किंवा शपथपत्राने घेता येते, आणि एका राज्यात कायद्याने ठरलेले पितृत्व दुसऱ्या राज्यातील वसुलीच्या कार्यवाहीत नाकारता येत नाही. 1996 च्या संघीय कल्याण-सुधारणा कायद्याने 1 जानेवारी 1998 पर्यंत हा मसुदा स्वीकारण्याची अट घातली, आणि सर्व राज्यांनी तो स्वीकारला.

याहूनही दूरगामी बदल न्यायालयाबाहेर झाला. 1993 च्या संघीय कायद्याने प्रत्येक राज्याला प्रसूतीच्या वेळी रुग्णालयातच पितृत्वाच्या स्वेच्छा-कबुलीची सोय करण्यास सांगितले, आणि 1996 च्या कायद्याने त्या कबुलीला न्यायनिर्णयाचे बळ दिले. दोघांनीही आपले हक्क व जबाबदाऱ्या समजावून घेऊन सही केली की साठ दिवसांपर्यंत ती मागे घेता येते. त्यानंतर फसवणूक, दडपण किंवा वस्तुस्थितीविषयीची गंभीर चूक याच कारणांवरून तिला आव्हान देता येते. अविवाहित पित्याचे नाव जन्मनोंदीत अशा कबुलीशिवाय किंवा न्यायनिर्णयाशिवाय घालता येत नाही, आणि एका राज्यात केलेली कबुली इतर सर्व राज्यांवर बंधनकारक असते. नागरी संहितांच्या युरोपीय परंपरेला ही कल्पना नवी नव्हती. गोव्यात लागू झालेल्या 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतही पित्याने जन्मनोंदीत, मृत्युपत्रात किंवा अधिकृत दस्तऐवजात अपत्याचा स्वीकार करण्याची पद्धत होती. अमेरिकी कायद्याने तिला दिलेली नवी शक्ती म्हणजे पुढे आईवडील कोणत्याही दोन राज्यांत विखुरले तरी पितृत्वाचा प्रश्न पुन्हा उभा न राहण्याची हमी. तिची दुसरी बाजूही दुर्लक्षणीय नाही, कारण जनुकीय चाचणी न करता, प्रसूतीच्या भावनावेगात केलेली ही सही नंतर सत्य वेगळे निघाले तरी सहज पुसता येत नाही.

अपुरे राहिलेले काम

पितृत्व ठरले म्हणजे पिता आणि अपत्य यांचे नाते ठरले असे मात्र होत नाही. निर्वाहखर्चासाठी पुरुषावर वैयक्तिक अधिकारक्षेत्र लागते, तर मुलाचा ताबा व भेटी यांचा निर्णय 1997 च्या वेगळ्या एकरूप मसुद्यानुसार मुलाच्या गृहराज्याकडे, म्हणजे मूल कार्यवाहीपूर्वी सलग सहा महिने जेथे राहिले त्या राज्याकडे, असतो. त्यामुळे एकाच मुलाविषयी पैशाचा आदेश एका राज्यात आणि भेटींचा आदेश दुसऱ्या राज्यात मागावा लागतो, आणि वसुलीसाठी आईला सरकारी यंत्रणेची मदत मिळते तशी भेटी मागणाऱ्या अविवाहित पित्याला सहसा मिळत नाही. दत्तकाच्या बाबतीत हा असमतोल अधिक जाणवतो. आपण पिता असू शकतो अशी नोंद करून ठेवण्यासाठी अनेक राज्यांनी नोंदवह्या ठेवल्या आहेत, आणि 1983 च्या लेअर विरुद्ध रॉबर्टसन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी नोंद न करणाऱ्या पुरुषाला दत्तकाची नोटीस न देणे वैध ठरवले. पण या नोंदवह्या राज्यांच्या आहेत, आणि एका राज्यात नोंद केलेल्या पुरुषाचे मूल दुसऱ्या राज्यात दत्तक दिले गेले तर त्याची नोंद तेथे पाहिली जाईलच असे नाही. ज्या सीमा वसुलीसाठी ओलांडल्या गेल्या, त्या नात्यासाठी अजून पुरत्या ओलांडल्या गेलेल्या नाहीत.

राष्ट्रांच्या सीमांवर हेच काम आता सुरू आहे. निर्वाहखर्चाच्या आंतरराष्ट्रीय वसुलीविषयीचा 2007 चा हेग करार 1 जानेवारी 2017 पासून अमेरिकेत अमलात आला, आणि त्यासाठी सर्व राज्यांनी आपला आंतरराज्य कायदा नव्या रूपात स्वीकारला. भारत या कराराचा पक्ष नाही. त्यामुळे मूल महाराष्ट्रात किंवा गोव्यात आणि पिता अमेरिकेतील एखाद्या राज्यात असेल, तर आई त्या राज्याच्या न्यायालयात थेट अर्ज करू शकते, पण करारातून मिळणारे शासकीय साहाय्य तिला मिळत नाही. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांची संख्या पाहता हा प्रश्न काल्पनिक नाही, आणि त्याचा विचार भारतीय विधिज्ञांनी अमेरिकी राज्यांचा अनुभव समोर ठेवून करणे उपयुक्त ठरेल.

त्या अनुभवाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. पितृत्वनिश्चितीचा कायदा बहुतेक वेळा सार्वजनिक खर्चाच्या दडपणाखाली पुढे सरकला, आणि म्हणूनच त्याने पित्याकडे प्रथम पैशाचा स्रोत म्हणून पाहिले. मुलाला नाव, वारसा आणि दोन्ही पालक मिळण्याचा हक्क त्याला समान संरक्षणाच्या तत्त्वातून, वेगळ्या वाटेने, मिळाला. या दोन वाटा अजून पूर्णपणे एकत्र आलेल्या नाहीत. रक्कम जितक्या निश्चितपणे सीमा ओलांडते तितक्याच निश्चितपणे नात्यालाही ती ओलांडता आली, तरच ज्याच्या नावाने ही सारी यंत्रणा उभी आहे त्या मुलाला तिचा पूर्ण लाभ झाला असे म्हणता येईल.